कॅफेत लॅपटॉप उघडण्याआधी
बेळगावच्या टिळकवाडीत आरपीडी क्रॉसच्या, म्हणजे आरपीडी कॉलेजजवळच्या चौकाच्या, आसपास कॅफेत बसून काम करणार असशील, तर सकाळचं जा. संध्याकाळी कॉलेजची पोरं येतात. तेव्हा चौघांचं टेबल एकट्यानं अडवू नकोस. दीड-दोन तासांनी काहीतरी मागवत राहा. एका कॉफीवर अख्खी दुपार काढणं मालकाच्या पोटावर येतं, आणि तो तोंडानं कधी बोलणार नाही. कॉल आला की बाहेर जा. कानात इयरफोन असला की आपला आवाज चढतो अन् आपल्याला कळतही नाही, म्हणून हे फार जपायचं. चार्जरची वायर वाटेत आडवी सोडू नकोस, वेटर गरम कप घेऊन तिथूनच फिरतो. मोठ्या फाइली उतरवायच्या तर स्वतःच्या मोबाइल डेटावर. वेटर कन्नड बोलणारा असेल, तर मोडकंतोडकं का होईना, त्याच्याशी कन्नडमधूनच बोल.