वाचकांचे प्रश्न : कॅशमियरचा स्कार्फ निवडताना आणि वापरताना

प्रश्न : कॅशमियरचा स्कार्फ घ्यायचा आहे. दुकानात सगळेच स्कार्फ हाताला सारखेच मऊ लागतात, किमती मात्र फार वेगवेगळ्या असतात. अस्सल आणि चांगला स्कार्फ कसा ओळखावा?

उत्तर : दुकानात जाणवणारा मऊपणा हा सर्वांत फसवा निकष आहे, म्हणून त्याला शेवटचे स्थान द्यावे. कॅशमियर म्हणजे थंड प्रदेशांतल्या, मुख्यतः चीन व मंगोलियातल्या शेळ्यांच्या राठ केसांखाली हिवाळ्यासाठी वाढणारी बारीक लव. वसंतात ती गळू लागली की विंचरून काढतात, आणि राठ केस वेगळे केल्यावर एका शेळीमागे वर्षाला सरासरी 150 ग्रॅमच्या आसपासच लोकर उरते. अमेरिकेतील लेबलविषयक कायद्यानुसार या तंतूंची सरासरी जाडी 19 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अधिक चालत नाही. परंतु स्कार्फ किती टिकेल हे जाडीपेक्षा तंतूच्या लांबीवर अधिक अवलंबून असते. लांब तंतू पिळात धरून राहतात. आखूड तंतूंची टोके बाहेर येतात, घर्षणाने एकमेकांत गुंततात आणि त्यांचे गोळे होतात. अशाच आखूड तंतूंच्या कापडावर प्रक्रिया करून भरपूर लव उठवली की ते पहिल्या दिवशी विलक्षण मऊ भासते आणि ग्राहक तिथेच भुलतो.

म्हणून स्कार्फ उजेडासमोर धरून वीण सर्वत्र सारखी आहे का ते पाहावे, एक कोपरा तळव्याने थोडा वेळ चोळून लव सुटते का ते तपासावे, आणि हलकेच ताणून सोडल्यावर कापड पूर्ववत होते का याकडे लक्ष द्यावे. दुपदरी, म्हणजे दोन धागे एकत्र पिळून केलेल्या धाग्याचा स्कार्फ बहुधा अधिक टिकतो. लेबलवर तंतूंचे प्रमाण टक्क्यांत दिलेले असावे; केवळ ‘पश्मिना’ (बारीक कॅशमियरचे पारंपरिक नाव) एवढेच लिहिलेले असेल तर तो व्हिस्कोसही, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागाही, असू शकतो. विक्रेते स्कार्फ अंगठीतून आरपार काढून दाखवतात, तो खेळ म्हणून पाहावा, कारण तलम रेशीमही तसेच निघते. धागा जाळल्यावर केस जळल्यासारखा वास आला तर तो कृत्रिम नाही एवढेच कळते; मेंढीची लोकरही तशीच जळते. खात्री हवी असल्यास सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी हा मार्ग आहे.

प्रश्न : नव्या स्कार्फवर थोड्याच दिवसांत गोळे आले. फसवणूक झाली असे समजावे का?

उत्तर : लगेच तसे समजू नये. सुरुवातीला सैल तंतू बाहेर येतातच, विशेषतः पिशवीचा पट्टा किंवा कोटाची कॉलर घासते तिथे. गोळे ओढून तोडू नयेत, कारण त्यांच्याबरोबर चांगले तंतूही निघतात. लोकरीच्या कपड्यांसाठीच्या कंगव्याने ते हलक्या हाताने काढावेत. वारंवार काढूनही तितकेच गोळे येत राहिले, तर मात्र तंतू आखूड आहेत असे मानावे.

प्रश्न : स्कार्फ किती लांब असावा आणि कसा गुंडाळावा?

उत्तर : सुमारे 180 सेंटिमीटर लांबी बहुतेकांना पुरते. दुहेरी घडी गळ्याभोवती घेऊन मोकळी टोके दुसऱ्या बाजूच्या फासातून ओवण्याची पद्धत सुटसुटीत आहे, परंतु फास आवळू नये. ऊब तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे मिळते आणि घट्ट आवळल्यावर ती हवाच कमी होते. कोट अंगाबरोबर बसणारा असेल तर गाठ न मारता स्कार्फ कॉलरच्या आत सपाट ठेवावा. पहिला स्कार्फ घेताना नक्षीपेक्षा एकरंगी निवडावा, असे माझे मत आहे. चांगल्या कॅशमियरची झळाळी त्यावर अधिक दिसते. अत्तर थेट त्यावर फवारू नये, आणि टोकदार दागिने असतील त्या दिवशी स्कार्फ घरीच राहिलेला बरा.

प्रश्न : धुवावा कसा आणि उन्हाळ्यात ठेवावा कुठे?

उत्तर : लेबलवर हाताने धुण्यास मुभा असेल तर थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात, लोकरीसाठीच्या सौम्य साबणाने, न चोळता धुवावा. तो पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि सावलीत सपाट पसरून वाळवावा, कारण ओला टांगल्यास तो ओघळून लांबतो. ठेवण्यापूर्वी धुणे अत्यावश्यक आहे, कारण घामाचे व अन्नाचे डाग असलेल्या लोकरीला कसर लवकर लागते. पूर्ण वाळल्यावर घडी करून बंद डब्यात किंवा सुती पिशवीत ठेवावा आणि अधूनमधून उघडून झटकावा. डांबरगोळ्यांचा वास लोकरीतून सहजासहजी जात नाही, हे त्या वापरण्यापूर्वी लक्षात घ्यावे.