पहिल्या कथासंग्रहासाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून साताऱ्यातील एका कंपनीच्या लेखा विभागात आठ वर्षे चार महिने नोकरी करते. हातात ३४,००० रुपये येतात. पती खासगी शाळेत शिक्षक असून त्यांना २६,००० मिळतात. गृहकर्जाचा हप्ता आणि सासूबाईंची औषधे धरून घरखर्च ४४,००० आहे, शिवाय मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात दरमहा ५,००० भरतो. घर घेताना जुनी बचत संपली. आता ३,६०,००० रुपयांची एकच मुदत ठेव आहे आणि ती दोन महिन्यांनी पूर्ण होते. मी दहा वर्षे कथा लिहीत आहे. एका प्रकाशकाने १६० पानांच्या कथासंग्रहासाठी १,१०,००० रुपये ‘सहयोग’ मागितला आहे. त्यात ३०० प्रती, पैकी १५० मला, किंमत २४० रुपये आणि उरलेल्या प्रतींवर १० टक्के रॉयल्टी. या महिनाअखेर पैसे भरल्यासच हा दर मिळेल. याशिवाय ३६,००० रुपयांचा ऑनलाइन लेखन अभ्यासक्रम करावा आणि पुढच्या दिवाळीनंतर नोकरी सोडून पूर्णवेळ लिहावे, असे मनात आहे. ठेव मोडू का?

उत्तर : तुम्ही प्रश्न एक विचारला असला, तरी त्यात तीन निर्णय एकमेकांत गुंतलेले आहेत आणि तिन्हींची माझी उत्तरे वेगवेगळी आहेत. पुस्तकासाठी पैसे भरू नयेत. अभ्यासक्रम सध्याच्या स्वरूपात घेऊ नये. नोकरी मात्र सोडता येईल, असे तुम्ही पाठवलेले आकडे पाहून मला वाटते. फक्त ती पुढच्या दिवाळीला नव्हे, तर साधारण वीस महिन्यांनी.

प्रथम पुस्तकाचा हिशेब पाहू. तुमच्या वाट्याच्या १५० प्रती तुम्ही स्वतः २५ टक्के सवलतीने विकल्या आणि त्यातली एकही भेट दिली नाही, असे धरले तरी २७,००० रुपये येतात. प्रकाशकाने आपल्याकडील सर्व १५० प्रती विकल्या, तर प्रतीमागे २४ रुपयांप्रमाणे ३,६०० रुपये रॉयल्टी होते. म्हणजे सर्व काही मनासारखे घडले तरी परत येणारी रक्कम ३०,६०० रुपये आणि न येणारी ७९,४०० रुपये. पहिल्या कथासंग्रहाने नफा मिळवून द्यावा, अशी अपेक्षा मी कधीच धरणार नाही. परंतु ज्याने छपाईचा सगळा खर्च आधीच लेखिकेकडून वसूल केला आहे, त्याला ती पुस्तके ग्रंथालयांपर्यंत आणि दुकानांपर्यंत पोहोचवण्याची आर्थिक निकड उरत नाही, ही गोष्ट मला त्या आकड्याहून अधिक महत्त्वाची वाटते. तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात ‘आयएसबीएन नोंदणी ३,५००’ अशीही एक ओळ आहे. भारतात पुस्तकाचा हा ओळखक्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य दिला जातो. इतकी साधी बाब ज्या अंदाजपत्रकात शुल्क लावून येते, त्यातील बाकीच्या ओळीही पुन्हा तपासाव्यात.

माझ्या मामांनी निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून असाच एक काव्यसंग्रह छापून घेतला होता. सुतळीने बांधलेले त्याचे गठ्ठे मी लहानपणी त्यांच्या माळ्यावर पाहिले आहेत. कविता चांगल्या होत्या, हे मी आजही मनापासून सांगेन. त्या वाचकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मात्र कोणीही घेतली नव्हती. तुमच्या कथांचे तसे होऊ नये, असे मला फार वाटते.

पहिले पुस्तक एकदाच निघते, आणि म्हणून त्याला एक वेगळे आर्थिक मूल्यही असते. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखक अनुदान योजनेतून नव्या लेखकांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला साहाय्य करते. तेथे हस्तलिखित परीक्षकांच्या नजरेखालून जाते. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र विभाग आहेत. घाईने, पुरेसे संपादन न होता संग्रह छापला गेला, तर अनुदानाचा पहिला दरवाजा कायमचा बंद होतो आणि पुरस्काराच्या दुसऱ्या दरवाजातून जाण्याची एकुलती एक संधी कच्च्या पुस्तकावर खर्च होते. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराची ३५ वर्षांची मर्यादा ओलांडल्याची खंत तुम्ही पत्रात व्यक्त केली आहे. ती मी समजू शकतो, परंतु त्या खंतीपायी प्रकाशकाच्या महिनाअखेरच्या मुदतीला बळी पडू नये.

आता तुम्ही पाठवलेल्या लेखनाच्या उत्पन्नाकडे वळतो, कारण खरा उलगडा तेथे होतो. गेल्या वर्षी दिवाळी अंकांतील दोन कथांचे प्रत्येकी १,५०० म्हणजे ३,००० रुपये, पुरवण्यांतील १४ लेखांचे प्रत्येकी ७०० प्रमाणे ९,८०० रुपये आणि एका संस्थेसाठी केलेल्या २४,००० शब्दांच्या अनुवादाचे शब्दाला ६० पैशांप्रमाणे १४,४०० रुपये, असे एकूण २७,२०० रुपये तुम्हाला मिळाले. तुम्ही तासांचीही नोंद ठेवलीत, याचे मला विशेष कौतुक वाटले. अनुवादाला ७० तास लागले, म्हणजे तासाला सुमारे २०५ रुपये. लेखांना प्रत्येकी सहा तास, म्हणजे तासाला सुमारे ११६ रुपये. कथांना प्रत्येकी ६० तास, म्हणजे तासाला २५ रुपये. याचा अर्थ कथा सोडून द्याव्यात असा मुळीच नाही. अनुवाद तुमचे घर चालवू शकतो आणि ज्या कथेसाठी हा सारा खटाटोप आहे, तिचा खर्च दुसऱ्या कामातून भागवावा लागेल, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तुमचा ३४,००० रुपयांचा पगार सध्याच्या दराने केवळ अनुवादातून भरून काढायचा, तर महिन्याला सुमारे ५६,७०० शब्द करावे लागतील, आणि तुमच्या वेगाने त्याला १६५ तास लागतील. तेवढे तास सलग शब्दांशी झुंजल्यावर कथेसाठी मन शिल्लक राहणार नाही. म्हणजे कथेसाठी नोकरी सोडायची आणि नोकरी सोडल्यामुळेच कथा मागे पडायची, असा प्रकार होईल. परंतु भरून काढायची रक्कम पगाराएवढी नाही. घरखर्च आणि सुकन्या खाते मिळून ४९,००० होतात. त्यातून पतींचे २६,००० वजा जाता २३,००० उरतात, आणि आरोग्य विमा व तुमच्या निवृत्तीची तरतूद यांसाठी ४,००० धरले तर गरज २७,००० रुपयांची आहे. शब्दाला ६० पैशांनी त्याला १३१ तास लागतात, एक रुपयाने ७९ तास. मधल्या ५२ तासांत जवळजवळ एक कथा बसते. त्यामुळे नोकरी सोडण्यापूर्वी तुम्हाला जे मिळवायचे आहे, ते पुस्तक नसून अनुवादाचा वाढीव दर आणि किमान तीन नियमित काम देणारे आहेत. एकाच संस्थेवर विसंबून राहिल्यास त्या संस्थेचा एखादा प्रकल्प थांबताच घराची घडी विस्कटेल.

वीस महिने का, तेही सांगतो. भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात निवृत्तिवेतनाचा रकानाही भरला जातो, असे तुम्ही कळवले आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास दहा वर्षांची सेवा लागते, आणि तुमची आठ वर्षे चार महिने झाली आहेत. इतक्या जवळ येऊन तो हक्क सोडण्याचे कारण मला दिसत नाही. ग्रॅच्युइटीला तुम्ही पात्र झालाच आहात. नोकरी सोडताना भविष्य निर्वाह निधी मात्र काढू नका. तुमच्या पतींना मधुमेह आहे आणि सध्याचे विमासंरक्षण तुमच्या कंपनीचे आहे. ते नोकरीबरोबर संपेल. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काल असू शकतो. म्हणून कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी याच वर्षी, पगार चालू असताना घ्यावी, म्हणजे तो काल आजपासून मोजला जाईल.

ठेवीपैकी सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे २,६४,००० रुपये, अलग ठेवा. पुस्तक आणि अभ्यासक्रम दोन्हींवर खर्च केल्यास हाती २,१४,००० राहतील, म्हणजे पाच महिन्यांचाही खर्च नाही. मुक्त लेखकाला हा निधी नोकरदारापेक्षा अधिक लागतो, कारण दिवाळीत छापलेल्या कथेचे मानधन होळीपर्यंत येत नाही, असा अनुभव अनेकांचा आहे, आणि ज्याच्या घरात सहा महिन्यांचे दाणे आहेत, तोच कमी दराच्या कामाला नम्रपणे नाही म्हणू शकतो.

उरलेले ९६,००० रुपये लेखनावर अवश्य खर्च करा. माझी सूचना अशी की, या वीस महिन्यांत तीन वेळा दहा-दहा दिवसांची बिनपगारी रजा घ्यावी. तिची किंमत एका पगाराएवढी, ३४,००० रुपये होईल. छपाईपेक्षा वेळ विकत घेणे तुमच्यासाठी अधिक मोलाचे आहे. अभ्यासक्रमाबद्दल तुम्ही लिहिले आहे की, बारा सत्रे असून वर्गात साठ जण असतील. तुमची किती पाने कोणी वाचून लेखी अभिप्राय देणार, असे संयोजकांना विचारा. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास २५,००० रुपयांपर्यंत रक्कम एखाद्या अनुभवी संपादकाकडून चार-पाच कथा बारकाईने तपासून घेण्यासाठी राखून ठेवा. ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथेतील उणिवा कळवून पुनर्लेखन करायला लावत. त्या काळी लेखकाला विनामूल्य मिळणारी ती शिकवण आज बहुधा विकत घ्यावी लागते, आणि ती विकत घेण्यासारखी आहे. ग्रंथालयाची वर्गणी, पुस्तके आणि टपालखर्च यांसाठी १२,००० पुरेत. बाकीचे २५,००० हाताशी असू द्या.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केली आणि आजही नव्या कथाकाराला संपादकाच्या नजरेस पडण्याची तीच मोठी वाट आहे. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते, हे लक्षात घेऊन कथा उन्हाळ्यात पूर्ण करावी, एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवावी आणि कोणती कथा कोठे, कधी गेली, उत्तर काय आले, मानधन किती ठरले व कधी मिळाले, याची वही ठेवावी. ‘साभार परत’ आलेली कथा त्या वहीत आणखी एक ओळ वाढवते, आपली किंमत कमी करत नाही.

पुढे प्रकाशक स्वखर्चाने संग्रह काढायला तयार झाला, तर करार लेखी असावा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखीच व्हावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची मानली जाते. श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क एका ओळीत ‘सर्व हक्क’ म्हणून देऊन टाकू नका. करांबाबत सध्या एवढेच पुरे की, एका संस्थेचे व्यावसायिक मानधन आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांच्या वर गेल्यास १० टक्के करकपात होते, आणि कपात होवो वा न होवो, लेखनाचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे लागते.

ठेव पूर्ण होण्यास दोनच महिने आहेत, तेव्हा ती आता मोडून व्याज घालवू नका. पूर्ण झाल्यावर तिचे दोन भाग करून २,६४,००० आणि ९६,००० अशा दोन ठेवी ठेवा. दुसरी लहान मुदतीची असावी. प्रकाशकाला या आठवड्यात नकार कळवा आणि त्याच पत्रात हस्तलिखिताची प्रत परत मागवून घ्या.