काकाजी कम्प्युटरला हात लावत नाहीत

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या एका सेवा सहकारी सोसायटीचे तरुण अध्यक्ष माझ्याकडे सल्ल्याला आले ते चिडूनच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) देशातल्या ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्राने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली, त्यात यांची सोसायटी आली. कम्प्युटर आला, ट्रेनिंग झालं. पण सोसायटीचे हिशेब सांभाळणारे गटसचिव, म्हणजे काकाजी, जुन्या बाक्या त्यात काही भरून देईनात. "मॅडम, काकाजी मुद्दाम अडवून राहिले. नोटीस देऊन टाकू का?"

पतसंस्था, शाळा, जिनिंग, सगळीकडून हाच प्रश्न येतो. नवी पद्धत आणली की जुना माणूस आडवा येतो, त्याचं काय करायचं? मी म्हटलं, नोटीस थांबवा, आधी त्यांना पाठवा.

काकाजी नातवाशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलणारे निघाले. म्हणजे यंत्राचं भय नव्हतं. बराच वेळ ते कर्जखतावणीबद्दलच, म्हणजे कुणाकडे किती कर्ज याच्या वहीबद्दलच, बोलत राहिले. २००८, २०१७, २०१९ च्या कर्जमाफ्या, कुणाची रक्कम जमा झाली, कुणाची राहिली. मग हळूच म्हणाले, "माह्या आधीच्या सचिवाच्या टायमाचे फरक हायेत त्यात. मशीननं ते दाखवले तं लोक काय म्हनतीन? यानंच खाल्ले. रिटायर व्हाच्या वक्ताले ८८ ची चौकशी लागन मले."

सहकार कायद्याच्या कलम ८८ मध्ये नुकसानीची जबाबदारी थेट व्यक्तीवर बसते. हे ज्याला माहीत आहे, त्याची टाळाटाळ मला हट्ट वाटत नाही. नोटीस दिली असती तर त्यांची भीती खरीच ठरली असती.

अध्यक्षांना मी सांगितलं, संचालक मंडळाचा ठराव करा. बाक्या चढवताना निघालेला प्रत्येक फरक सालासकट वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचा, खाली अध्यक्ष आणि सचिव दोघांची सही. तपासणी झाल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही. टायपिंगला गावातली मुलगी ठेवा, पण आकडा काकाजींनी सांगायचा. आणि हे काम पीककर्ज वाटपाच्या धामधुमीत काढू नका. खरंच कुणी पैसे खाल्ले असतील तर तेही त्याच रजिस्टरमधून बाहेर येईल, त्यामुळे ही कुणाला दिलेली सूट नाही.

ठराव झाला आणि काकाजींनी खतावण्या काढून दिल्या. फरक निघाले, काही तर त्यांच्या स्वतःच्या काळातलेही. ते त्यांनीच लिहून घेतले. हाताची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मात्र ते अजून लिहितात. अध्यक्षांना ते खटकतं. मी म्हटलं, लेखापरीक्षण होईपर्यंत लिहू द्या, आणि ती कधी बंद करायची हे ठरवाल त्या बैठकीत काकाजींना बसवा.