हिवाळी परीक्षा तोंडावर आहे आणि हॉस्टेलच्या खोलीत अभ्यास होत नाही. घरचे म्हणतात, 'करायचा असेल तर कुठेही होतो.' काय करू?

घरच्यांचं ते वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. माझे मोठे मामा हेच म्हणायचे, अजूनही म्हणतात, आणि ते साफ चूक आहे. अभ्यासाला जागा लागते, उजेड लागतो आणि मध्येच कुणी उठवणार नाही याची खात्री लागते.

मी नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सला होते. 2018च्या हिवाळ्यात थर्ड सेम, म्हणजे एम-थ्री, गणिताचा तिसरा पेपर. लाप्लास, फूरियर, झेड-ट्रान्सफॉर्म. आधीचे कितीतरी दिवस फायली पूर्ण करण्यात, सह्यांसाठी सरांच्या केबिनबाहेर उभं राहण्यात आणि वायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, गेलेले, त्यामुळे 80 मार्कांच्या थिअरीचा खरा अभ्यास सुरू व्हायचा तो पेपरांच्या तोंडावर, रात्री.

आणि रात्री आम्हाला जागाच नव्हती. मुलांच्या हॉस्टेलची रीडिंग रूम रात्रभर उघडी असायची. आम्ही साडेसातला गेटच्या आत. खोलीत तिघी, टेबल एक, अकराला लाइट बंद. जिन्याच्या वळणावरची ट्यूबलाइट तेवढी रात्रभर चालू असायची, म्हणून आम्ही तिथे बसायचो. त्या डिसेंबरच्या शेवटी नागपूरचा पारा 3.5 अंशांवर आला. तेव्हाही आम्ही त्याच फरशीवर होतो, सतरंजी खाली, ब्लँकेट अंगावर, पेन धरलेली बोटं वळत नव्हती. भंडाऱ्याची माझी मैत्रीण झेड-ट्रान्सफॉर्म इतकं सुंदर समजावून सांगायची की वर्गात जे डोक्यावरून गेलं ते तिथे, कुजबुजत्या आवाजात, कळलं. रेक्टर मॅडम आल्या. म्हणाल्या, "खोलीत जा, नाहीतर उद्या घरी फोन करते."

घरी फोन म्हणजे काय, हे हॉस्टेलच्या मुलींना सांगायला नको. आमच्यातल्या एकीच्या घरी तर तिला परत न्यायला कारणच हवं होतं.

भंडाऱ्याचीच म्हणाली, "फोन करू दे, आपण अर्ज देऊ." यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लैंगिक छळ प्रतिबंधाचे 2015चे विनियम तिने शोधून काढले. सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांच्या तुलनेत भेदभावाचे नियम लावू नयेत, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ते पान अर्जाला जोडलं आणि मागणी अगदी लहान ठेवली: मेसचा हॉल रात्री जेवणानंतर उघडा ठेवा. मॅडम म्हणाल्या, "हे सगळं तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे." मी विचारलं, "हॉल त्याच इमारतीत, त्याच कुलूपबंद गेटच्या आत आहे. तिथे धोका कुणापासून?" त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. प्राचार्यांनी सही केली. एम-थ्रीचा पेपर तेवढा उरला होता, तो आम्ही टेबलाशी बसून, नीट उजेडात केला. मेसच्या काकू झोपायला जाताना चहाचं भांडं भरून ठेवायच्या. पुढच्या उन्हाळी परीक्षेपासून हॉल मागावा लागला नाही. या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो, डिग्रीपेक्षा जास्तच.

मामांचं शिक्षण आजोबांच्या वाड्यात झालं. माडीवरची खोली त्यांची एकट्याची, आणि माझी आई खाली स्वयंपाकघरात. ती अकरावीला थांबली. 'कुठेही होतो' म्हणणाऱ्या माणसाला विचारून बघ, तो स्वतः कुठे बसून शिकला.

तू काय करावंस, तर आधी जागा. मेस हॉल, रिकामा वर्ग, गावातली अभ्यासिका, जे मिळेल ते. अर्ज एकटीने देऊ नकोस, सगळ्यांच्या सह्या घे, आवक क्रमांक घे आणि प्रत जपून ठेव. तोंडी परवानगीवर विसंबू नकोस, रेक्टर बदलली की ती संपते. सबमिशन उरलं असेल तर दोन दिवस फक्त तेच कर आणि मोकळी हो. पेपरांसाठी मागच्या चार-पाच वर्षांचे प्रश्न सोडव. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची वेळ आता गेली.

तू मुलगी आहेस असं धरून लिहिलंय. मुलगा असशील तर तुमची रीडिंग रूम बहुतेक उघडी असेल. मग अडचण जागेची नसून खोलीतल्या गोंगाटाची असेल, आणि त्यावर माझ्याकडे तिथे जाऊन बस यापलीकडे सल्ला नाही. पीजीत राहत असशील तर अर्ज द्यायला प्राचार्य नाहीत, तिथे अभ्यासिकेची महिन्याची फी भरणं बरं. आणि जागा मिळूनही छातीत धडधड होत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर ते अभ्यासाच्या वेळापत्रकाने सुटत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

घरच्यांना हे उत्तर दाखवलंस तरी चालेल. माझ्या मामांना मी पाठवणारच आहे.