पावसाच्या स्क्रिप्टचा आउटपुट: स्क्रीनसाठी वेगळा, लॉगसाठी वेगळा

भाऊ, तुमचं सगळं वाचलं. परभणी जिल्ह्यातल्या 9 तालुक्यांच्या महसूल मंडळांचा रोजचा पाऊस पायथन स्क्रिप्टनं गोळा करायलात, टर्मिनलवर तक्ता छापायलात, 65 मिमीच्या वर गेलेलं मंडळ लाल दाखवायलात आणि तीच स्क्रिप्ट सकाळी क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळेला आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, चालवून आउटपुट फाइलमधे वळवायलात. अडचणी तीन. तालुक्यांची नावं एका रांगेत येईनात, फाइलमधे रंगाच्या जागी [31 असला कचरा पडलाय, आणि एक दिवस मधेच लाइट गेली तर फाइल पार कोरी निघाली, अर्धं काम झालेलं असून एक ओळ नाही. वर तुम्ही विचारलंय की प्रिंट सगळे काढून टाकू का.

प्रिंट काढू नका. पण प्रिंट दोन कामं करायलाय ती वेगळी करा, तिन्ही अडचणींची मुळं बरीचशी तिथंच आहेत. तक्ता हा माणसाच्या डोळ्यासाठी आहे, आत्ता बघायचा आणि सोडायचा. लॉग म्हणजे आडत दुकानातली कीर्द, घडलं तसं घडल्या वेळेला एकाखाली एक लिहीत जायचं, खोडायचं नाही, सजवायचं नाही, आणि चार महिन्यांनी कुणी विचारलं की दाखवता आलं पाहिजे. तुमच्या बाबतीत हे लई महत्त्वाचं आहे कारण मंडळात 24 तासात 65 मिमी झाला का नाही यावर अतिवृष्टी धरायची का नाही ते ठरतं, त्यावर पंचनामे होतात. सप्टेंबर 2025 मधे मराठवाड्यानं काय बघितलं ते सांगायची गरज नाही. तर त्या आकड्याची नोंद कचऱ्यात हरवता कामा नये.

आधी कोऱ्या फाइलचं बघू. प्रिंट टर्मिनलवर लिहीत असतं तेव्हा पायथन ओळ संपली की लगेच बाहेर टाकतं, पण आउटपुट फाइलीत किंवा पाइपमधे (म्हणजे थेट दुसऱ्या प्रोग्रामला) जात असेल तर ते बफरमधे, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, साठवतं, बफर भरला किंवा प्रोग्राम नीट संपला तरच बाहेर टाकतं. बफर काही केबींचा असतो, तुमचा सगळा तक्ता त्यात मावून जातो, म्हणून लाइट गेली की सगळं मेमरीतच मेलं. स्क्रीनवर टेस्ट करताना हे कधीच दिसत नाही. इलाज सोपा आहे, प्रिंटला फ्लश ट्रू (flush=True) द्या, म्हणजे बफर लगेच रिकामा होतो, किंवा क्रॉनच्या ओळीत पायथनला वजा-यू (-u) चा पर्याय द्या. पायथनचं नोंदी लिहायचं लॉगिंग मॉड्यूल वापरलं तर त्याचा फाइल हँडलर, म्हणजे फाइलीत लिहिणारा भाग, प्रत्येक नोंदीनंतर स्वतःच फ्लश करतो, तो त्रासच राहत नाही.

तरी एक गोष्ट लक्षात घ्या, फ्लश म्हणजे ओळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात दिली एवढंच, डिस्कवर पोचलीच असं नाही. प्रोग्राम मेला तर ओळ वाचते पण लाइट गेली तर शेवटच्या काही सेकंदांचं जाऊ शकतं. आपल्याकडं लाइटचा भरवसा नाही, म्हणून एकेक तालुका पूर्ण झाला की एकदा एफसिंक (fsync) मारा, ते ओळी डिस्कवर लिहायलाच लावतं. प्रत्येक ओळीला नको, उगं डिस्क घासत बसते. आणि यूपीएस असला तर उत्तमच.

आता लॉगिंग. हे पायथनमधे 2003 पासून सोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही. एक लॉगर घ्या, म्हणजे नोंद स्वीकारणारा, आणि त्याला दोन हँडलर जोडा, एक स्क्रीनचा एक फाइलचा, दोघांचा फॉरमॅटर, म्हणजे ओळीची मांडणी, वेगळा. स्क्रीनवाल्याला लेव्हल, म्हणजे किती गंभीर नोंदीपासून पुढचं घ्यायचं ती पातळी, वॉर्निंग ठेवा म्हणजे चालवताना फक्त गडबड दिसेल, फाइलवाल्याला इन्फो किंवा डीबग. लेव्हलचे आकडे डीबग 10, इन्फो 20, वॉर्निंग 30, एरर 40, क्रिटिकल 50 असे आहेत आणि काहीच सांगितलं नाही तर रूट लॉगर, म्हणजे सगळ्यात वरचा मूळ लॉगर, 30 वर असतो, म्हणून नवीन माणसाला वाटतं इन्फो लिहिलं तरी कामून दिसंना. लॉगरची स्वतःची लेव्हल खाली आणा, नुसती हँडलरची आणून भागत नाही, कारण ओळ आधी लॉगरच्या दारातून जाते मग हँडलरच्या. लॉगिंगची झटपट मांडणी करणारं बेसिक-कॉन्फिग हे फंक्शन दुसऱ्यांदा बोलावलं तर ते गुपचूप काहीच करत नाही हेही ध्यानात असू द्या, कुठल्या लायब्ररीनं आधीच हँडलर लावलेला असला की तुमची सेटिंग वाया जाते, 3.8 पासून त्याला फोर्स ट्रू देता येतं.

स्क्रीनचा हँडलर न सांगता स्टँडर्ड एररवर लिहितो, आउटपुटवर नाही, आणि ते बरोबरच आहे. स्टँडर्ड आउटपुट ही 1 नंबरची वाट, तिनं फक्त निकाल जाऊ द्या म्हणजे तक्ता, स्टँडर्ड एरर ही 2 नंबरची, तिनं बाकी सगळं बोलणं. मग उद्या कुणी तुमचा तक्ता दुसऱ्या प्रोग्रामला पाइपनं दिला तर मधे 'सेलूची फाइल मिळाली नाही' असली ओळ घुसत नाही. क्रॉनमधे दोन्ही एकाच फाइलीत हव्या असतील तर आधी >> नं फाइल लिहा आणि त्याच्यानंतर 2>&1, क्रम उलटा केला तर एरर जुन्याच जागी जातात, कारण शेल डावीकडून उजवीकडं वाचतं आणि त्या क्षणाला 1 जिकडं जात असेल तिकडंच 2 ला जोडतं.

रंगाचा कचरा. तो कचरा नाही, ती टर्मिनलसाठीची खूण आहे, 27 नंबरचं एस्केप कॅरॅक्टर आणि पुढं कंस, आकडे. 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलपासून ही पद्धत पक्की रुळली आणि टर्मिनल ती खूण छापत नाही, पाळतं. फाइल पाळत नाही, जशीच्या तशी ठेवते, आणि मग ग्रेप या शोधायच्या कमांडनं 'जिंतूर' शोधलं तर मिळतं पण ओळीच्या सुरवातीला धरून शोधलं तर मिळत नाही कारण सुरवातीला ती खूण बसलेली. म्हणून रंग लावायच्या आधी विचारायचं की आउटपुट खरंच टर्मिनल आहे का, पायथनमधे स्टँडर्ड आउटपुटलाच इज-ए-टीटीवाय असं विचारता येतं, हो आलं तर रंग नाहीतर साधं. सोबत नो-कलर (NO_COLOR) नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे मशीनवर ठेवलेली सेटिंग, असेल तर टर्मिनल असलं तरी रंग देऊ नका, 2017 पासून हा संकेत बरेच प्रोग्राम पाळतात. आणि लाल रंग हीच एकमेव खूण ठेवू नका. रंग नीट न ओळखणारी माणसं असतात, काळा-पांढरा प्रिंट काढणारी असतात, म्हणून त्या ओळीत 'अति' असा शब्दही येऊ द्या. हेच प्रोग्रेस बारला, म्हणजे किती काम झालं ते दाखवणाऱ्या पट्टीला, लागू आहे, तो ओळीच्या सुरवातीला परत जाऊन स्वतःवरच लिहीत राहतो, फाइलीत त्याची मैलभर एक ओळ होते, तिथं त्याऐवजी 'गंगाखेड झालं, पाथरी सुरू' अशा साध्या नोंदी टाका.

नावं रांगेत कामून येत नाहीत ते जरा सविस्तर सांगतो कारण इंग्रजी उदाहरणं वाचून हे कधीच कळत नाही. 'जिंतूर' हे नाव डोळ्याला तीन अक्षरांचं. पायथनला लांबी विचारा, 6 येईल, कारण ज, वेलांटी, अनुस्वार, त, उकार, र असे सहा कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधले सुटे क्रमांक. यूटीएफ-8 या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट 3 बाइटचा, म्हणून सी मधला प्रिंटएफ त्याला 18 समजतो. आणि टर्मिनल मोजतं ते घरं, म्हणजे स्क्रीनवरच्या ठरावीक रुंदीच्या जागा. त्यात उकार-अनुस्वार शून्य घराचे, पण काना आणि वेलांटी कुठलं टर्मिनल एक घर देतं कुठलं देत नाही. आता 12 रुंदीचा कॉलम घेतला तर 'सेलू' ला पायथन 4 धरून 8 स्पेस देतं, टर्मिनलवर मात्र नावाला दोनच घरं लागतात, म्हणजे तिथंच दोन घरं कमी पडली, 'मानवत' ला वेगळी कमी पडतात, आणि पुढचे आकडे वाकडेतिकडे होतात. तुमच्या कोडमधे चूक नाही, तीन जण तीन मापानं मोजायलेत.

डब्ल्यूसी-विड्थ नावाची लायब्ररी घरं मोजून देते, ती वापरली तर बरंच सुधारतं, पण काना-वेलांटीवर टर्मिनलांचंच एकमत नसल्यानं एका मशीनवर सरळ आलेलं दुसऱ्यावर हलू शकतं. मी स्वतः लातूरला डाळमिलच्या वजनकाट्याच्या रिपोर्टला दुसराच मार्ग घेतलाय आणि तो तुम्हालाही सुचवीन: आकडे आधी, नाव शेवटी. तारीख, मिमी, खूण हे सगळं ठरावीक रुंदीत उजवीकडं टेकवून घ्या, आणि मंडळ-तालुक्याचं नाव ओळीच्या शेवटाला, त्याच्यापुढं काही नसलं की ते किती घरं खातंय याचा प्रश्नच उरत नाही. खूण मराठीत 'अति' अशी लिहिणार असाल तर तीही नावाच्या आधी नको, नावाच्या नंतर, ओळीच्या अगदी शेवटाला टाका. फाइलीत तर स्पेसनं रांग लावूच नका, टॅब टाका.

आकड्याच्या फॉरमॅटिंगवर मात्र जपून. पाऊस एक दशांशात छापा, पूर्णांकात नको. 64.6 पूर्णांकात 65 दिसतो, माणूस म्हणतो अतिवृष्टी झाली आणि तुमची खूण तर लागलेली नाही, मग वाद. आणि पायथन अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडं जातं, 64.5 चे 64 होतात आणि 65.5 चे 66, आपल्याला शाळेत शिकवलं तसं नाही. तुलना नेहमी मूळ आकड्यावर करा, छापलेल्यावर नाही. हवामान खात्याचा जोराचा पाऊस 64.5 पासून सुरू होतो आणि अतिवृष्टीची मदत 65 वर बघतात, तेव्हा तुम्ही कुठला धरलाय ते लॉगच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. याहून मोठी गोष्ट, नोंद आलीच नाही आणि पाऊस शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्र बंद असलं, फाइल आली नाही, तर 0.0 छापू नका, 'नोंद नाही' छापा आणि लॉगमधे वॉर्निंग टाका. ज्या गावात ढगफुटी होऊन यंत्रच बंद पडलं तिथं शून्य छापणं हे त्या शेतकऱ्यावर अन्याय करणं आहे.

वेळेचं बघा. पावसाचा दिवस सकाळी 8:30 ला संपतो, आधीच्या 24 तासांचा पाऊस तेव्हा मोजतात. स्क्रिप्ट ऑफिसच्या मशीनवर आहे तोवर ठीक पण उद्या क्लाउडवर टाकली तर तिथली घड्याळं बहुतेक यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेवर, असतात, आपलं 8:30 तिथं 3:00, आणि आपल्या रात्री 12 ते पहाटे 5:30 मधे चाललेलं काम तिथं कालच्या तारखेला पडतं. म्हणून लॉगच्या वेळेत +0530 येऊ द्या, मशीनचा टाइमझोन भारताचा ठेवून डेट फॉरमॅटला टाइमझोनची खूण (%z) जोडली की येतं, यूटीसीवरच्या मशीनवर नुसत्या खुणेनं +0000 येईल, आणि पावसाची तारीख हा वेगळा रकाना ठेवा, स्क्रिप्ट चालल्याची वेळ वेगळी.

विंडोजवर पण चालवता असं लिहिलंय, तर तिथं स्क्रीनवर मराठी नीट दिसेल आणि फाइलीत वळवलं की एन्कोडिंगची एरर येऊन स्क्रिप्ट मरेल, कारण फाइलीसाठी ते जुनं कोडपेज, म्हणजे मराठी न मावणारा जुना अक्षरसंच, धरतं. फाइल हँडलरला एन्कोडिंग यूटीएफ-8 स्पष्ट द्या, आणि एक्सेलमधे उघडायची सीएसव्ही असेल तर यूटीएफ-8-सिग द्या, नाहीतर एक्सेल मराठीचा चुराडा करतं.

फाइल वाढत जाईल, टाइम्ड रोटेटिंग हँडलर (वेळेप्रमाणे फाइल बदलणारा) लावून रोज मध्यरात्री नवीन फाइल करा, किती जुन्या ठेवायच्या तो आकडा पंचनाम्याचे वाद मिटेपर्यंत पुरेल असा घ्या, 7 दिवसांवर ठेवू नका. लॉगिनचं टोकन (पासवर्डसारखा गुप्त कोड), शेतकऱ्याचा आधार किंवा मोबाइल नंबर लॉगमधे चुकून पण येऊ देऊ नका, डीबग करताना पूर्ण यूआरएल छापली की टोकन त्यातच जातं.

आणि एरर पकडली तर नुसतं 'एरर आली' लिहू नका, लॉगरचं एक्सेप्शन हे फंक्शन वापरा, ते पूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे एरर कोडमधे कुठून कुठं आली तो माग, लिहितं, सोबत कुठलं मंडळ, कुठली फाइल, कुठली ओळ ते द्या. एका मंडळात बिघाड झाला तर बाकीची चालू द्या पण शेवटी एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, 0 (सगळं ठीक) देऊ नका, 1 द्या, म्हणजे क्रॉनच्या बाजूनं तुम्ही त्यावर मेसेज पाठवायची सोय करू शकता. टी (tee) कमांडनं स्क्रीनवर आणि फाइलीत एकदम टाकत असाल तर हा कोड टी च्या मागं लपतो, बॅश शेलमधे पाइपफेल (pipefail) ही सेटिंग चालू करा, म्हणजे तो कोड वर येतो.

आज एवढंच करा, बफर, इज-ए-टीटीवाय आणि नाव शेवटी, या तीन बदलांना तासभर लागेल. मग उद्या सकाळच्या रनचा लॉग इथं टाका, नंबर-टोकन काढून, हँडलरची सेटिंग आपण मिळून बघू.