वाचकांचे प्रश्न : ‘आढळले नाही’ याचा अर्थ काय?

या महिन्यात नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमध्ये लिक्विड क्रोमॅटोग्राफीविषयीचे, म्हणजे द्रावातील घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीविषयीचे, प्रश्न बरेच होते. त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : पिंपळगाव बसवंत परिसरात आमची निर्यातीची द्राक्षबाग आहे. काढणीपूर्वी एकाच प्लॉटचे नमुने दोन प्रयोगशाळांत दिले. एका अहवालात एका बुरशीनाशकापुढे ‘आढळले नाही’ असे लिहिले आहे, तर दुसऱ्यात त्याच औषधाचे प्रमाण किलोला ०.०१२ मिलिग्रॅम आले आहे. खरे कोणाचे मानायचे?

उत्तर : दोन्ही अहवाल खरे असू शकतात. ‘आढळले नाही’ याचा अर्थ द्राक्षांत ते औषध अजिबात नाही असा नसतो. प्रयोगशाळा ज्या किमान प्रमाणापर्यंत खात्रीने मोजू शकते, त्याच्या वर ते नाही, एवढेच त्यातून कळते. ही किमान पातळी बहुतेक औषधांसाठी किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, इतकी ठेवलेली असते, कारण ज्या औषधासाठी युरोपीय संघाने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला तेथे हीच मर्यादा लागू होते. इतक्या सूक्ष्म मोजमापात थोडी अनिश्चितता राहतेच आणि युरोपातील नियामक यंत्रणा अवशेष तपासणीत ती ५० टक्के धरतात. एका प्रयोगशाळेला ०.००८ मिळाले असेल, तर तिने नियमाप्रमाणे ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल, आणि ०.०१२ हा दुसरीचा आकडा त्या अनिश्चिततेच्या आतच बसतो. त्यात नमुने वेगवेगळ्या वेलींवरचे, वेगवेगळ्या घडांचे असतील, तर एवढा फरक यंत्राकडे न जाताही पडतो. खरी तुलना करायची असेल, तर एकाच नमुन्याचा एकजीव लगदा करून त्याचे दोन भाग दोन्हीकडे द्यावे लागतील.

मात्र आपल्या पत्रात न विचारलेला एक प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे प्रयोगशाळेने नेमके काय शोधले. द्राक्षांचा अर्क कॉलममधून, म्हणजे बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, जाताना त्यातील रेणू कॉलममधील पदार्थाला कमी-अधिक धरून राहतात आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर त्यांना विद्युतभारित करून वस्तुमानावरून निवडतो, फोडतो आणि त्यांचे तुकडे मोजतो. बाहेर पडण्याची वेळ आणि निदान दोन तुकड्यांचे परस्पर प्रमाण ही दोन्ही जुळल्याशिवाय ओळख पक्की धरली जात नाही. या पद्धतीने एका फेरीत शेकडो औषधे तपासता येतात, परंतु ती यादीतली असावी लागतात आणि कॉलमने त्यांना पुरेसे धरून ठेवावे लागते. नेहमीचा सी-१८ कॉलम तेलकट स्वभावाच्या रेणूंना चांगला धरतो. पाण्यात सहज विरघळणारे आणि विद्युतभार बाळगणारे रेणू मात्र त्यातून जवळजवळ न थांबता निघून जातात.

क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, ते या दुसऱ्या गटातले आहे. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये त्याचे अवशेष सापडले आणि निर्यातदारांना व बागायतदारांना जबर फटका बसला, हे आपल्या भागात कोणी विसरले नसेल. त्याच्या रेणूवर कायमचा धनभार असल्यामुळे तो नेहमीच्या बहु-अवशेष पद्धतीत नीट पकडला जात नाही. त्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये वेगळा अर्क काढून तो हिलिक प्रकारच्या, म्हणजे ध्रुवीय रेणूंना धरणाऱ्या, कॉलमवर चालवावा लागतो. पानगळीसाठी वापरले जाणारे इथेफॉन आणि केवडा रोगासाठीचे फोसेटिल ॲल्युमिनियम यांनाही अशीच स्वतंत्र चाचणी लागते. म्हणून फवारणीची नोंदवही आणि अहवालासोबतची रेणूंची यादी शेजारी ठेवून ताडून पाहावी, आणि जे फवारले आहे पण यादीत नाही, त्याविषयी प्रयोगशाळेला लेखी विचारावे. यादी कितीही लांबलचक असली, तरी आपण फवारलेले औषध तीत नसेल तर तिचा आपल्याला उपयोग नाही.

प्रश्न : मी सातपूरच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करतो. २५० × ४.६ मिलिमीटर, ५ मायक्रॉन कणांचा सी-१८ कॉलम, ६.८ पीएचचा फॉस्फेट बफर आणि मिथेनॉल अशी आमची पद्धत आहे. औषध अमाइन गटाचे आहे. टेलिंग फॅक्टर (आलेखातील शिखराच्या शेपटीचे माप) २.३ येतो. शिवाय थंडीत सकाळी दाब वाढलेला असतो आणि रिटेन्शन टाइम (औषध कॉलममधून बाहेर पडण्याची वेळ) लांबतो. वरिष्ठ म्हणतात, कॉलम बदला.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींसाठी एकच कॉलम फेकून देणे हा महागडा उपाय आहे.

आधी टेलिंगचे पाहू. आलेखावरील सगळीच शिखरे शेपटी काढत असतील, तर दोष यांत्रिक समजावा. कॉलमच्या तोंडाशी पोकळी पडली असेल, तेथील गाळणी म्हणजे फ्रिट तुंबली असेल किंवा जोडणीची नळी नीट बसली नसेल. केवळ आपल्या औषधाचेच शिखर लांबत असेल, तर कारण रासायनिक आहे. कॉलममधील सिलिकाच्या कणांवर उरलेले सिलॅनॉल गट ६.८ पीएचला बऱ्याच प्रमाणात ऋणभारित असतात, अमाइनवर धनभार असतो आणि त्यांच्या ओढीमुळे रेणू रेंगाळतात. पीएच ३ च्या खाली नेल्यास ही ओढ बरीच कमी होते, पण मान्यताप्राप्त पद्धतीत पीएच मनाप्रमाणे बदलता येत नाही. अमेरिकी फार्माकोपिया या औषध-मानकांच्या ग्रंथाचा सर्वसाधारण अध्याय त्यात फक्त ०.२ एककांची मुभा देतो. तेव्हा एल-१ म्हणजे सी-१८ च्या वर्गातलाच, पण अतिशुद्ध सिलिकाचा आणि उरलेले सिलॅनॉल झाकलेला म्हणजे एंड-कॅप केलेला कॉलम वापरून पाहावा. नमुना निव्वळ मिथेनॉलमध्ये विरघळवत असाल, तर तो आधी मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावक-मिश्रणात, विरघळवून बघा, कारण तीव्र द्रावकामुळेही सुरुवातीची शिखरे बिघडतात आणि हे तपासायला खर्च काहीच येत नाही.

दाबाचे कारण बहुधा हवामानात आहे. पाणी आणि मिथेनॉल साधारण निम्मे-निम्मे असताना मिश्रणाची स्निग्धता सर्वाधिक असते आणि तापमान उतरले की ती आणखी वाढते. निफाडचा पारा एक अंकी होतो त्या दिवसांत रात्रभर बंद असलेल्या खोलीतला कॉलम दुपारच्यासारखा वागणार नाही. एका अंशाच्या फरकाने रिटेन्शन टाइम साधारण एक ते दोन टक्के बदलतो. अनेक जुन्या पद्धतींत ‘खोलीचे तापमान’ एवढेच लिहून ठेवले आहे. आमच्या मते हा निष्काळजीपणा आहे. पद्धतीत बसत असेल तर कॉलम ओव्हन ३० अंशांवर ठेवावा. ओव्हन लावूनही दाब दिवसागणिक चढत राहिला, तर डिटेक्टरच्या बाजूने एकेक जोडणी सैल करत पंपाकडे यावे. जी जोडणी सैल केल्यावर दाब एकदम पडतो, तिच्या लगतचा डिटेक्टरकडचा भाग तुंबलेला असतो. फॉस्फेट बफर चालवल्यानंतर थेट शुद्ध मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल सोडू नये, नाहीतर क्षार कॉलममध्येच स्फटिकरूपाने बसतात. आधी दहा टक्के मिथेनॉल असलेल्या पाण्याने धुवावे.

प्रश्न : दिंडोरीच्या वाइनरीत साखर आणि आम्ले एकाच वेळी मोजता येतील का? आमच्याकडे सी-१८ कॉलम आणि यूव्ही (अतिनील) डिटेक्टर आहे.

उत्तर : या जोडीवर साखर मोजता येणार नाही, कारण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यूव्ही प्रकाश जवळजवळ शोषत नाहीत आणि सी-१८ वर थांबतही नाहीत. त्यासाठी आयन-एक्स्क्लूजन रेझिनचा कॉलम, सौम्य सल्फ्युरिक आम्लाचा मोबाइल फेज आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणारा) डिटेक्टर वापरतात. इथेनॉलही त्याच फेरीत दिसते. फ्रुक्टोज आणि मॅलिक आम्ल तेथे अगदी शेजारी येतात, म्हणून आपला यूव्ही डिटेक्टर मालिकेत आधी जोडून २१० नॅनोमीटरवर आम्ले वेगळी वाचावीत.

प्रश्न : नाशिक रोडच्या महाविद्यालयातील जुन्या एचपीएलसीवर (लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या नेहमीच्या यंत्रावर) १.७ मायक्रॉन कणांचा कॉलम लावला तर यूएचपीएलसीचे (अतिउच्च दाबाच्या यंत्राचे) काम होईल का?

उत्तर : होणार नाही. वेग आणि लांबी तीच ठेवली, तर दाब कणाच्या आकाराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. ५ वरून १.७ मायक्रॉनवर येताना तो सुमारे नऊपट होतो आणि जुने पंप साधारण ४०० बारच्या आसपास थांबतात. शिवाय जाड नळ्या आणि डिटेक्टरमधला मोठा फ्लो सेल यांत वेगळे झालेल्या रेणूंचे पट्टे पुन्हा पसरतात. त्याऐवजी घन गाभ्याच्या, २.७ मायक्रॉन कणांचा, १५० × ४.६ मिलिमीटर मापाचा कॉलम घ्यावा. तो जुन्या यंत्राच्या दाबात चालतो आणि वेगळेपण ५ मायक्रॉनच्या कॉलमपेक्षा स्पष्टपणे चांगले देतो.