मॉरिशसमधले लोक ऊस सोडून जमिनी का विकत आहेत? भारतीयाला तिथे शेती घेता येते का?

'वाडवडिलांनी कमावलेली जमीन नवी पिढी चैनीसाठी फुंकतेय' असंही तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून उत्तर देतेय. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, सासर मॉरिशसच्या पश्चिम भागातलं. दोन्हीकडे ऊसच.

इथला ऊस युरोपच्या भावावर उभा होता. १९७५ च्या लोमे करारापासून (युरोप आणि त्याच्या जुन्या वसाहतींमधला व्यापार करार) वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर युरोप ठरलेल्या, चढ्या भावानं घ्यायचा. २००६ पासून चार वर्षांत तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला. २०१७ मध्ये युरोपनं स्वतःच्या बीट साखरेवरचा कोटाही उठवला. मोठ्या इस्टेटींनी वाट काढली: कारखाने एकत्र केले, बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, वीज केली, उरलेल्या जमिनीवर व्हिला, गोल्फ आणि स्मार्ट सिटी. आता देशात तीनच साखर कारखाने चालतात. काही अर्पांवाला (अर्पां म्हणजे साधारण एकरभर) शेतकरी कसली वीज करणार?

आमच्या जवळचा कारखाना बंद झाला आणि ऊस लांबच्या कारखान्याला लॉरीनं जायला लागला. पोरं हॉटेलात कामाला, तोडणीला माणूस मिळेना. यंत्र आणावं तर रान काळ्या दगडांनी भरलेलं. खोडवा जुना झाला होता, नवी लावण करायला हवी होती. सासऱ्यांनी तोडणी, वाहतूक, खत असं सगळं वहीत मांडलं आणि वही मिटली. पुढच्या हंगामात ऊस उभाच राहिला, गवत माजलं, आगीच्या भीतीनं शेजारी बोलायला लागले. मग रस्त्याकडेचा पट्टा प्लॉट पाडून विकला. त्या पैशातून उरलेल्या रानातले दगड काढले, ठिबक टाकलं आणि भेंडी, वांगी, दोडका लावला.

त्यावर भर गणपतीत, सगळ्या पाहुण्यांसमोर, चुलत सासरे म्हणाले, "आज्यानं घेतलेली जमीन तुम्ही विकलीत." माझे सासरे गप्प बसले. मी बसले नाही. म्हटलं, "काका, आज्याला ती मिळाली कशी?" १८८० नंतर बीट साखरेमुळे भाव पडले, तेव्हा इस्टेटींनी परवडत नसलेल्या कडेच्या जमिनी तुकडे करून विकायला काढल्या. इथे त्याला मोर्सेलमां म्हणतात. करारावर आलेल्या मजुरांनी साठवलेल्या पैशातून त्या घेतल्या, आमचा आजा त्यातलाच. म्हणजे दुसऱ्या कुणाला ऊस परवडला नाही म्हणूनच ही जमीन आमच्या घरात आली. मग आम्हाला परवडेना तेव्हा विकली तर ते पाप कसं? काकांच्या वाट्याचं रान तर कित्येक वर्षं पडीक आहे. विकलं नाही याचा त्यांना अभिमान, पण कसलंही नाही. आम्ही ते खंडानं मागितलं, त्यावर अजून उत्तर नाही.

भाजी म्हणजे सोनं असंही समजू नका. चक्रीवादळ आलं की सगळं आडवं होतं. उसाचं तसं नाही, तो लोळला तरी बराचसा सावरतो. शिवाय सिमेंटखाली गेलेली जमीन परत रानात येत नाही, आणि हा देश खाण्याचं बहुतेक सगळं बाहेरून आणतो. एकेकाळी उसाच्या सऱ्यांमध्ये बटाटे निघायचे. त्यामुळे समुद्राकाठच्या व्हिलांची बाजू मी घेणार नाही. मी आमच्या कोरड्या पश्चिम भागाचं सांगतेय. इतरत्र पाऊस जास्त आहे, तिथली गणितं वेगळी असतील. सरकारनं आता लहान शेतकऱ्यांच्या बगॅसचे पैसे वाढवलेत, त्यामुळे काहीजण ऊस टिकवूनही आहेत.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. परदेशी माणसाच्या मालमत्ता खरेदीवर इथे १९७५ पासून कायद्यानं बंधनं आहेत. मान्य योजनेतला व्हिला किंवा फ्लॅट विकत घेता येतो, साधं शेत असं सहज मिळत नाही. आणि मिळालं असतं तरी त्यात ऊस लावा असं मी तुम्हाला सांगितलं नसतं.